शंख रंगवायचा की वाचायचा?



घरी मत्स्यपेटी ठेवणाऱ्यांकडे आता माशांच्या सोबतीला एकदोन गोगलगायीही दिसू लागल्या आहेत. दुकानात त्या 'मिस्टरी स्नेल' या नावाने मिळतात. त्या मूळच्या दक्षिण अमेरिकेतील असून शास्त्रज्ञ त्यांना पोमासिया डिफ्यूसा म्हणतात. लिंबाएवढा वाढणारा गोल, गुळगुळीत शंख, दोन लांब मिशा आणि काचेवरचे शेवाळ खरवडत चालणारी संथ स्वारी! असा शंख पाहिला की चित्रकलेची आवड असलेल्या मुलांचे हात शिवशिवतात. त्यावर फुले काढावीत, टिकल्या चिकटवाव्यात, दिवाळीला सोनेरी रंग द्यावा असे वाटते. त्यातल्या समंजस मुलांना एक प्रश्नही पडतो : "कोणता रंग लावला तर गोगलगायीला अपाय होणार नाही?"

हा प्रश्न विचारणाऱ्याचे मी आधी कौतुक करीन. प्राण्याला इजा होऊ नये एवढा विचार त्याने केलेला असतो. पण माझे उत्तर त्याला कदाचित आवडणार नाही. शोभेसाठी कोणताच रंग लावू नये, आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लावायचाच असेल तर मोहरीएवढा एक ठिपका पुरे, असे माझे मत आहे. एकीकडे साफ नकार आणि दुसरीकडे ठिपक्याला परवानगी, हे असे का, ते समजण्यासाठी शंख म्हणजे काय हे आधी पाहू.

शंख म्हणजे घर नव्हे

गोगलगाय आपले घर पाठीवर घेऊन फिरते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. ही कल्पना गोड आहे, पण चुकीची आहे. घर सोडून दुसरीकडे राहायला जाता येते. गोगलगायीला शंख सोडून कोठेही जाता येत नाही. शंखाच्या आतल्या मधल्या खांबाला तिच्या शरीराचा एक बळकट स्नायू घट्ट चिकटलेला असतो. संकट आले की याच स्नायूने ती स्वतःला आत ओढून घेते आणि पाठीमागे झाकण लावते. शंखातून तिला ओढून बाहेर काढणे म्हणजे तिला मारणेच होय.

कोकणच्या किनाऱ्यावर शंख घेऊन तुरुतुरु पळणारा एक छोटा खेकडा तुम्ही पाहिला असेल. तो मात्र खरोखरच भाडेकरू! मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख तो शोधतो आणि अंगाने वाढला की मोठ्या शंखात बिऱ्हाड हलवतो. परदेशांत या खेकड्यांना रंगवलेले शंख देऊन विकण्याची पद्धत आहे. ती पाहून अनेकांना वाटते, की गोगलगायीचेही तसेच असेल. पण खेकड्याचा शंख उसना असतो, गोगलगायीचा तिने स्वतः घडवलेला असतो.

'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण तुम्हांला ठाऊक आहे. वरवर गरीब दिसणाऱ्या पण आतून वेगळ्याच असणाऱ्या माणसाला आपण ती लावतो. प्राणिशास्त्रज्ञही या प्राण्यांना 'उदरपाद' म्हणजे पोट हाच ज्यांचा पाय आहे असे प्राणी म्हणतात. म्हण करणाऱ्या आपल्या पूर्वजांचे निरीक्षण किती अचूक होते पाहा! आता तसेच थोडे निरीक्षण शंखाचे करू.

शंख मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो. संगमरवर आणि कोंबडीच्या अंड्याचे कवच यांतही हेच द्रव्य असते. गोगलगायीच्या अंगावर प्रावार नावाचे एक मऊ, पातळ आवरण असते. शंखाच्या तोंडाशी असलेली या प्रावाराची कड चुना आणि प्रथिने पाझरवते आणि शंखाच्या काठाला रोज थोडी थोडी भर घालते. कुंभार मडक्याच्या काठावर मातीचे वेढे चढवीत जातो तसे हे काम चालते. म्हणून शंख फक्त तोंडाकडे वाढतो. टोकाकडचा बारीक वळसा हा गोगलगाय पिल्लू असतानाचा शंख असतो. तो फुग्यासारखा फुगत नाही, मोठाही होत नाही. तो तसाच राहतो आणि नवे वळसे त्याच्या पुढे जोडले जातात.

या चुन्याच्या थरावर बाहेरून आणखी एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. तो चुन्याचा नसून प्रथिनांचा, आपल्या नखांसारखा चिवट असतो. शंखाची चकाकी आणि रंगाचा मोठा भाग या पापुद्र्यामुळे दिसतो. पाण्यातील आम्लापासून चुन्याचे रक्षण करण्याचे कामही तोच करतो. हा पापुद्राही प्रावाराच्या कडेपाशीच तयार होतो. शंखाचा काठ तुटला तर गोगलगाय तो पुन्हा बांधू शकते. मागच्या वळशाला भोक पडले तर आतून चुन्याचे ठिगळ लावू शकते. परंतु मागच्या वळशावरचा पापुद्रा एकदा खरवडला गेला की तो तिला पुन्हा कधीही घालता येत नाही, कारण शंखाच्या बाहेरच्या बाजूला तिचा प्रावार पोहोचतच नाही. ही एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या विचाराचा पाया तीच आहे.

रंगामुळे नेमके काय बिघडते?

ओल्या, गुळगुळीत शंखावर रंग टिकत नाही. म्हणून रंगवणारा पहिली चूक करतो ती रंग लावण्याच्याही आधी. तो शंख काचकागदाने घासतो. यामुळे रंग चांगला धरतो हे खरे, पण तोच तो पुन्हा न येणारा पापुद्रा निघून जातो. काही आठवड्यांनी रंगाचे पोपडे उडतात आणि खाली उघडा चुना उरतो. पाणी थोडे आम्लधर्मी असेल तर त्यावर पांढरे खड्डे पडू लागतात.

दुसरा प्रश्न रंगातील द्रव्यांचा. तेलरंग, एनॅमल आणि नेलपॉलिश यांत रंगद्रव्य विरघळवून ठेवणारे उडून जाणारे द्रव असतात. त्यांचा उग्र वास आपल्याला येतोच. आपण खिडकीजवळ जाऊ शकतो. गोगलगायीचे अंग मात्र सदा ओले, उघडे असते आणि तिला तेथून उठून जाता येत नाही. मिस्टरी स्नेल व तिची आपल्याकडील नातलग पायला यांना पाण्यात श्वास घेण्यासाठी कल्ला आणि हवेत श्वास घेण्यासाठी फुप्फुसासारखी पिशवी, अशी दोन्ही इंद्रिये असतात. पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन सोंडेसारखी नळी वर काढून ती हवा घेते, हे तुम्ही पाहिले असेल. शंखाच्या तोंडाशी ओला रंग असेल तर त्याची वाफ थेट या पिशवीत जाणार हे उघड आहे.

सोनेरी रंगाची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. स्वस्त सोनेरी रंगात सोने नसते, बहुधा तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूची म्हणजे पितळेची पूड असते. आता गंमत पाहा. पायलासारख्या गोगलगायींच्या रक्तात आपल्यासारखे लोहयुक्त हीमोग्लोबिन नसते. तेथे तांबेयुक्त हीमोसायनिन असते, आणि म्हणून प्राणवायू घेतलेले त्यांचे रक्त निळसर दिसते. म्हणजे तांब्यावाचून त्यांचे चालत नाही! पण पाण्यात विरघळलेले तांबे अगदी थोडे जास्त झाले तरी त्या मरतात. मोरचूद हा तांब्याचाच क्षार. तळ्यांतील आणि कालव्यांतील गोगलगायी मारण्यासाठी तो जगात अनेक ठिकाणी वापरला गेला आहे. तेव्हा दिवाळीचा सोनेरी मुलामा गोगलगायीच्या दृष्टीने काय ठरू शकतो, हे तुम्हीच ठरवा. शिशाचेही तसेच. घरगुती रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम भारतात २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून तो लागू झाला. पण माळ्यावर पडलेला जुना डबा त्याआधीचा असू शकतो.

कोणी म्हणेल, "विषारी नसलेला रंग लावू, मग तर झाले?" तरीही दोन अडचणी राहतात. गोगलगायीच्या तोंडात बारीक दातांची पट्टी असते. कानशीसारखी ती चालवून ती शेवाळ खरवडते. ती काचेवरचे शेवाळ खाते तसे शेजारणीच्या शंखावरचेही खाते. म्हणजे एकीच्या पाठीवर लावलेला रंग दुसरीच्या पोटात जातो. दुसरे म्हणजे चिकटवलेल्या टिकल्या आणि मणी. ते पाणवनस्पतींत अडकतात, एका बाजूला भार टाकतात आणि चिकटवताना गोंदाचा एखादा थेंब शंखाच्या काठावर ओघळला तर जेथे वाढ होते नेमकी तीच जागा बिघडते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. पाणी आम्लधर्मी असेल तर रंगाचा थर उलट शंखाचे रक्षणच करील, असे एखादा चौकस विद्यार्थी म्हणू शकेल. तर्क चुकीचा नाही. एका रिकाम्या शंखाच्या अर्ध्या भागाला रंग लावून तो व्हिनेगरमध्ये टाकला, तर उघड्या भागावर बुडबुडे येतील आणि रंगवलेल्या भागावर कमी येतील. पण शंखाला खड्डे पाडणाऱ्या पाण्यात त्या गोगलगायीचे सारे अंग बुडालेले असते आणि तिचा नवा काठही त्याच पाण्यात घडत असतो. त्या काठाला आपण रंग लावू शकत नाही. तेव्हा उपाय करायचा तो पाण्यावर. घर गळत असेल तर आपण कौले नीट करतो, माणसांना छत्र्या वाटून थांबत नाही.

मग शास्त्रज्ञ शंख का रंगवतात?

"शास्त्रज्ञ तर गोगलगायींवर रंग लावतात. ते चालते, मग आम्ही का नाही?" हा प्रश्न तुमच्या मनात यायलाच हवा. होय, शास्त्रज्ञ रंग लावतात. ते कसे आणि कशासाठी, हे तीन उदाहरणांत पाहू.

पहिले उदाहरण एका बागेचे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक डेव्हिड डन्स्टन यांच्या बागेत गोगलगायींचा उपद्रव होता. त्यांना कुंपणाच्या भिंतीपलीकडे टाकले तर त्या परत येतात का, हे पाहण्यासाठी त्यांनी शंखांवर ठिपके लावले आणि नोंदी ठेवल्या. डेव्हिड हॉजसन यांच्यासह त्यांनी २०१४ साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. गोगलगायी परत येतात! त्यांच्यापासून सुटका हवी असेल तर त्यांना सुमारे २० मीटरपेक्षा दूर नेऊन सोडावे लागते. एका ठिपक्याने केवढी माहिती दिली पाहा.

दुसरे उदाहरण प्रशांत महासागरातील ताहिती आणि मूरिया या बेटांचे. तेथे पार्टुला नावाच्या लहान गोगलगायी झाडांवर राहत. पुढे माणसांनी तेथे मोठी आफ्रिकन गोगलगाय आणली आणि ती पिके खाऊ लागली. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यातील सोयाबीनची कोवळी रोपे गोगलगायींनी फस्त केल्याचे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तसाच तो उपद्रव होता. तिला मारण्यासाठी अमेरिकेतील एक शिकारी गोगलगाय बेटांवर सोडण्यात आली. १९७७ साली ती मूरियावर आली. तिने आफ्रिकन गोगलगायीऐवजी पार्टुलांवरच ताव मारला आणि दहाएक वर्षांत मूरियाच्या रानातून पार्टुला जवळजवळ नाहीशा झाल्या. शास्त्रज्ञांनी मोजक्या पार्टुला वेळीच उचलून प्राणिसंग्रहालयांत वाढवल्या म्हणून त्यांचा वंश टिकला.

आता त्या परत बेटांवर सोडल्या जात आहेत. २०२३ साली पाच हजारांहून अधिक सोडल्या गेल्या. सोडताना प्रत्येकीच्या शंखावर लाल रंगाचा एक ठिपका लावला होता. हा रंग अतिनील प्रकाशात चमकतो, आणि पार्टुला रात्री हिंडतात, त्यामुळे अंधारात विजेरी मारून त्या शोधता येतात. पण या ठिपक्याचे खरे मोल पुढच्या वर्षी कळले. २०२४ साली पार्टुला तोहिवेआना या जातीच्या काही पूर्ण वाढलेल्या गोगलगायी सापडल्या आणि त्यांच्या शंखांवर ठिपका नव्हता! याचा अर्थ काय? त्या सोडलेल्या नव्हत्या. त्या रानातच जन्मून वाढल्या होत्या. ठिपका नसणे हीच आनंदाची बातमी ठरली, आणि ती बातमी कळू शकली ती सोडलेल्या प्रत्येकीवर ठिपका होता म्हणून.

तिसरे उदाहरण मला सर्वांत अधिक आवडते. ताहितीवर पार्टुला हायलिना ही पांढऱ्या शंखाची जात त्या शिकारी गोगलगायीच्या तडाख्यातूनही तगून राहिली. ती कशी, हे मिशिगन विद्यापीठातील शास्त्रज्ञांना शोधायचे होते. पांढरा शंख उन्हात कमी तापतो, म्हणून ही जात रानाच्या उजेडी कडेला राहू शकते आणि शिकारी गोगलगायीला ते ऊन सोसत नाही, असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढे, प्रकाश मोजणारे संगणक घेतले आणि शिकारी गोगलगायींच्या शंखांवर ते चिकटवले. पार्टुला मात्र संरक्षित असल्यामुळे तिच्या शंखाला त्यांनी हात लावला नाही. ती ज्या पानावर विसावते त्या पानावर त्यांनी संगणक ठेवले. अंदाज खरा ठरला. पार्टुला जेथे राहते तेथे शिकारी गोगलगायीच्या जागेपेक्षा सरासरी दहापट ऊन होते. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला.

या गोष्टीतून दोन धडे मिळतात. शंखाचा रंग हा नुसता शोभेचा नसतो. एका जातीचे जगणे किंवा संपणे त्या रंगावर अवलंबून होते. आणि चांगला शास्त्रज्ञ आधी विचारतो, "शंखाला हात न लावता माझे काम होईल का?" होत असेल तर तो लावत नाही. होत नसेल तर एक ठिपका लावतो, तोही कामापुरता. सजवणारा आणि शास्त्रज्ञ यांच्यातला फरक मला येथे दिसतो. दोघांच्या हातात रंगाची तीच बाटली असते, पण शास्त्रज्ञाला गोगलगायीकडून काही जाणून घ्यायचे असते. सजवणाऱ्याला तिच्याकडून काहीच नको असते, तिची पाठ तेवढी हवी असते.

शोभेची हौस कोठपर्यंत जाते याचे उदाहरण आपल्याच नद्या-ओढ्यांतल्या काचमाशाने भोगले आहे. हा छोटा मासा इतका पारदर्शक असतो, की त्याचा काटा बाहेरून दिसतो. निसर्गाचे हे नवल पुरेसे वाटले नाही म्हणून मत्स्यव्यापाराने त्याच्या अंगात सुईने भडक रंग टोचून तो जगभर विकला. टोचण्यामुळे मासे मरत, उरलेल्यांना रोग जडत. १९९० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील मत्स्यपालकांनी याविरुद्ध मोहीम उघडली आणि पुष्कळ दुकानांनी असे मासे विकणे बंद केले. तुमच्या घरातला रंगाचा ब्रश आणि ती सुई सारखीच आहे असे मी म्हणत नाही. पण प्राण्याचे अंग हा आपला कागद आहे, हा विचार दोहोंच्या मुळाशी एकच आहे. आपल्या देशातील प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात प्राणी या शब्दाचा अर्थ 'माणसाखेरीज कोणताही सजीव प्राणी' असा आहे. त्यातून गोगलगाय वगळलेली नाही.

ठिपक्याचा प्रयोग

आता त्या एका ठिपक्याकडे वळू. शंख खरोखर तोंडाकडेच वाढतो हे मी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पाहा. वर्गात मत्स्यपेटी असेल तर शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करता येईल. त्यासाठी लहान, वाढत्या वयाची एकच गोगलगाय घ्या.

काचेला घट्ट चिकटलेली गोगलगाय उपटू नका. ती सैल होईपर्यंत थांबा, मग हळूच बाजूला सरकवून उचला. ओल्या कापसावर तिला पायावर बसवा. शंखाच्या शेवटच्या वळशावर, काठापासून सुमारे १ सेंटिमीटर मागे, मऊ फडक्याने पाणी टिपा. घासू नका. आगकाडीच्या टोकाने साध्या नेलपॉलिशचा मोहरीएवढा ठिपका लावा. सोनेरी किंवा चमकीचा रंग नको. खिडकीजवळ मोकळ्या हवेत तो पूर्ण वाळू द्या. दहा-पंधरा मिनिटे पुरतात आणि तेवढा वेळ पाण्याबाहेर राहणे या जातीला जड जात नाही. केस वाळवण्याचे यंत्र वापरू नका. ठिपका बोटाला चिकटेनासा झाला की तिला पाण्यात सोडा.

त्याच दिवशी दोऱ्याने शंखाच्या वळणावरून दोन अंतरे मोजा : ठिपक्यापासून काठापर्यंत, आणि ठिपक्यापासून मागच्या एखाद्या नैसर्गिक खुणेपर्यंत, म्हणजे एखादी रेघ किंवा ओरखडा असेल तेथपर्यंत. दोरा मोजपट्टीवर ठेवून आकडे वहीत लिहा. दर आठवड्याला हेच करा. चारसहा आठवड्यांत पहिले अंतर वाढलेले दिसेल आणि दुसरे जसेच्या तसे राहील. शंख रबरासारखा ताणला जात नाही, त्याच्या काठाला भर पडते, हे मग तुम्हांला कोणी सांगावे लागणार नाही.

आणि दोन गोगलगायींतील कोणती कोणती हे ओळखण्यापुरताच प्रश्न असेल, तर ठिपकाही नको. दोन शंख हुबेहूब सारखे कधीच नसतात. एकीच्या टोकाला खड्डा असतो, दुसरीच्या काठाजवळ जाड रेघ असते. त्यांची चित्रे वहीत काढा. शंखावरच्या रेघा नीट पाहिल्या तर त्यांत त्या गोगलगायीचे आयुष्य लिहिलेले सापडते. जेथे वाढ थांबली तेथे जाड रेघ, जेथे काठ फुटून पुन्हा जुळला तेथे वेडावाकडा सांधा, जेव्हा पाणी बदलून चुना भरपूर मिळू लागला तेव्हापासून गुळगुळीत पट्टा. रंगाखाली हे सारे लपून जाते. ज्याला हे वाचता येऊ लागले त्याला त्यावर फुले काढावीशी वाटतील, असे मला वाटत नाही.

मग हौस कशी भागवायची?

हौस वाईट नाही. शंख सुंदर दिसावा असे वाटत असेल तर तो सुंदर घडेल अशी सोय करा. साबणाला ज्याचा फेस चटकन येत नाही असे दुष्फेन पाणी आपण कपडे धुताना नाकारतो. गोगलगायीला मात्र तेच मानवते, कारण त्यात कॅल्शियमचे क्षार असतात. पाणी सुफेन असेल तर उकळून स्वच्छ केलेले अंड्याचे कवच किंवा समुद्रफेसाचा तुकडा मत्स्यपेटीत टाका. समुद्रफेस काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांनाही तो देतात. हा फेस नसून माकूळसारख्या एका समुद्रप्राण्याच्या अंगातील चुन्याचे कवच असते, आणि तो प्राणीही गोगलगायीसारखाच मृदुकाय! म्हणजे एका भावंडाचा चुना दुसऱ्याच्या कामी येतो. खाण्यासाठी काकडी, दुधी, दोडका यांचे थोडे उकडलेले काप द्या आणि उरलेले दुसऱ्या दिवशी काढून टाका. माशांच्या औषधांत तांबे असते का हे बाटलीवर वाचल्याखेरीज ते गोगलगायींच्या पेटीत घालू नका.

ब्रश हातात घ्यायचाच असेल तर मत्स्यपेटीच्या मागचा पुठ्ठा बाहेरून रंगवा. एखादी गोगलगाय वयाने मेली तर तिचा रिकामा शंख धुऊन, वाळवून त्यावर हवी तेवढी नक्षी काढा. तो शंख मात्र पुन्हा पाण्यात टाकू नका. आणि पाळण्याचा कंटाळा आला म्हणून जिवंत गोगलगाय विहिरीत, ओढ्यात किंवा शेततळ्यात कधीही सोडू नका. परक्या गोगलगायी सोडल्याने काय होते हे मूरियाच्या उदाहरणावरून आपण पाहिलेच आहे.

शिक्षकांनाही एक विनंती. शाळेच्या विज्ञानप्रदर्शनात एखाद्या मुलाने रंगीबेरंगी गोगलगायी मांडल्या तर त्याला रागावू नये. त्याला एवढेच विचारावे, "या रंगामुळे तुला गोगलगायीविषयी काय कळले?" उत्तर देता आले नाही तर त्याच्या हातात वही, दोरा आणि मोजपट्टी द्यावी. पुढच्या वर्षी तोच मुलगा एका ठिपक्याची गोगलगाय आणि तिच्या वाढीचा आलेख घेऊन येईल, आणि तो आलेख पाहण्यासाठी त्याच्या टेबलाशी गर्दी झाली तर मला नवल वाटणार नाही.